अनुभव धागा : "कोनाचं व्हय वं हे लेकरू?"

पूर्णाकाठ :

आज पहाटे साडेपाचला ओसरीवर बसून मी बुटाच्या नाड्या बांधत होतो, तेव्हा माझी लेक आजीची शाल डोक्यावरून घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बा, यंदा शेवटला किलोमीटर मीबी धावतो." तिच्या त्या 'धावतो'ने मला थेट 2017 च्या श्रावणात नेले. त्या महिन्यात ती चौदा महिन्यांची असताना दत्तक म्हणून आमच्या घरी आली.

त्याआधी अकरा वर्षे आम्ही दोघांनी शेगावच्या वाऱ्या केल्या, नवस बोललो, गुरुवार धरले. एका प्रकटदिनी दर्शनाच्या रांगेत बायको म्हणाली की महाराजांकडे मागायचे ते सगळे मागून झाले, आता जे करायचे ते आपणच करायचे. त्याच महिन्यात तालुक्याच्या संगणक केंद्रावर बसून आम्ही केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नाव नोंदवले. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या ताई गृहभेटीला आल्या. त्यांनी घर, संडास, विहिरीचा कठडा आणि कापसाच्या हिशेबाची वहीसुद्धा पाहिली, आणि मग चुलीपुढे बसलेल्या माझ्या आईला विचारले की नातवंडाच्या जातीपातीचे काही मनात आहे काय. आईने उत्तर दिले नाही, त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

तिचे उत्तर आम्हाला नंतर मिळाले. लेक घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी फाटकातूनच विचारले, "कोनाचं व्हय वं हे लेकरू?" आई सुपातली तूर पाखडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "बाई, गजानन महाराज शेगावात दिसले तवा ते कोनाचे व्हते, हे कोन्नं इचारलं व्हतं काय? पाया पडले ना सारे?" 23 फेब्रुवारी 1878 रोजी उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचताना बंकटलालांना महाराज दिसले, त्यांचे आईबाप, गाव, जात आजतागायत कोणाला ठाऊक नाही, आणि त्यावाचून कोणाच्या भक्तीचे काही अडलेले नाही. आमच्या घराची श्रद्धा त्या दिवसापासून या एका गोष्टीवर उभी आहे.

आता धावण्याविषयी लिहितो. मूल घरी आल्यावर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी त्याचा पाठपुरावा होतो. त्यानिमित्ताने आम्ही संस्थेत गेलो, तेव्हा पायात कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, घातलेल्या सहा वर्षांच्या एका मुलाने माझ्या सदऱ्याचे खालचे बटण धरून ठेवले आणि निघायची वेळ झाली तरी सोडले नाही. तान्ह्या बाळांसाठी मोठी रांग असते. मोठी मुले, भावंडांच्या जोड्या आणि अपंग मुले मात्र मागे राहतात. ते बटण मी परत शिवून घेतले नाही. घरी येऊन पोलीस भरतीच्या वेळचे जुने बूट काढले आणि त्या वर्षापासून दर 20 डिसेंबरला, म्हणजे गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, गावापासून अमरावतीच्या त्यांच्या समाधीपर्यंत 21 किलोमीटर धावतो. वाटेत वलगावजवळचा पेढी नदीचा पूल लागतो. 1956 साली बाबांनी तिथेच देह ठेवला, म्हणून पुलावर दोन मिनिटे थांबतो. गावकरी दर किलोमीटरमागे काही कबूल करतात. कोणी दहा रुपये देतो; एका भावाने किलोमीटरला एक किलो प्रमाणे एकवीस किलो तूरडाळ दिली होती. सगळे थेट संस्थेत पोचते आणि पावती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. मुलांचे फोटो मात्र आम्ही कुठेही लावत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम 74 त्यांची ओळख उघड करू देत नाही, आणि कायदा नसता तरी मी लावले नसते.

तुमच्या घरी असे लेकरू आले असेल, किंवा तुम्ही स्वतःच ते लेकरू असाल, तर कृपया लिहा.

अंगणवाडीताई :

दादा, आईंचे बोलणे वाचून डोळे भरून आले. खिचडी शिजते आहे, तेवढ्यात लिहिते. आमच्या भागात अजूनही नुसत्या मुद्रांकावर लेकरू 'देतात-घेतात'. माझ्या ओळखीच्या एका घरात असेच झाले. शाळेत घालताना जन्मदाखल्यावर वेगळी नावे निघाली आणि त्या माउलीला चौकशीला सामोरे जावे लागले. ज्या आईला बाळ सांभाळणे शक्य नाही, तिने बालकल्याण समितीपुढे यावे. तिथे तिला कोणी रागावत नाही, तिचे नाव गुप्त राहते आणि विचार बदलण्यासाठी 60 दिवस मिळतात. टाकलेले बाळ दिसले तर 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करावा. उकिरड्यावर सापडलेले एक बाळ मी माझ्या हाताने पुसले आहे, म्हणून एवढ्या कळकळीने सांगते आहे.

तुरीचं रान :

माझे वय 47 आणि मंडळींचे 44. मोठे भाऊ-वहिनी म्हणतात की आता वेळ गेली. खरेच गेली काय?

पूर्णाकाठ :

भाऊ, गेलेली नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे नवराबायकोच्या वयांची बेरीज पाहतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती 85 पर्यंत, दोन ते चार वर्षांसाठी 90 पर्यंत आणि चार ते आठ वर्षांसाठी 100 पर्यंत चालते. तुमची बेरीज 91 आहे, म्हणजे चार वर्षांपुढच्या मुलासाठी तुम्ही बसता. आमच्या वेळी न्यायालयाचा आदेश लागत असे. आता तो जिल्हाधिकारी देतात. वहिनींना आमच्या घरी घेऊन या, माझी बायको त्यांच्याशी बोलेल.

संत्र्याची बाग :

मी स्वतः ते लेकरू आहे. आज वय 34, दोन मुलांची आई. मी दत्तक आहे हे मला नवव्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या बाईंकडून कळले. त्या दुसरीला सांगत होत्या आणि मी पानावर बसले होते. त्या दिवशीची बुंदी मला आजही खाववत नाही. आईबाबांनी प्रेमात तसूभरही कमी केले नाही, पण सांगायला उशीर केला, आणि ते दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिले. म्हणून सर्वांना हात जोडून विनंती आहे की लेकराला त्याच्या घरी येण्याची गोष्ट तान्हेपणापासून, अंगाईसारखी सांगत जा. पुढे शाळेच्या एका कार्यालयात माझ्या बाबांना 'खऱ्या वडिलांचे नाव' विचारले गेले, तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मीच म्हणाले, "हेच व्हत माहे बाबा." सगळे ठाऊक होते म्हणूनच मला ते बोलता आले.

निळी वाट :

आमच्या घरी बुद्धवंदना होते, नवस नाहीत, पण आजींच्या त्या वाक्यापुढे मीही नतमस्तक आहे. आम्ही ऐकू न येणारा मुलगा घेतला. तो वंदनेच्या वेळी माझ्या गळ्यावर बोटे ठेवतो आणि कंपनावरून ओळखतो की मी कुठल्या ओळीवर आहे.

निर्णय घेण्याआधी आम्ही परतवाड्याजवळच्या वझ्झरला गेलो होतो. तिथे शंकरबाबा पापळकरांनी 123 बेवारस, अपंग मुलांच्या पुढे बाप म्हणून स्वतःचे नाव लावले आहे. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतर मतिमंद लेकराने जायचे कुठे, हा प्रश्न ते वर्षानुवर्षे सरकारपुढे मांडत आहेत. धावून जमवलेला पैसा लहानग्यांच्या दुधाला जातो हे चांगलेच आहे, पण त्यातला काही वाटा या मोठ्या मुलांसाठी ठेवावा असे मला मनापासून वाटते. पूर्णाकाठ, कृपया विचार करा.

पूर्णाकाठ :

सर, तुम्ही बरोबर बोललात. बटण धरणारा तो मुलगाही आता पंधराच्या पुढे गेला असेल, हे मी आज पहिल्यांदा मोजले. यंदा निम्मी रक्कम त्या बाजूला देण्याविषयी बैठकीत मांडतो.

भरतीवाला :

काका, मी मावशीकडे वाढलो. आई गेल्यावर बालसंगोपन योजनेचे पैसे मिळत. आता ते महिन्याला 2250 रुपये आहेत, माझ्या वेळी फारच कमी होते, आणि त्यातूनच मावशीने मला पहिले बूट घेऊन दिले. मी भरतीच्या 1600 मीटर धावण्याची तयारी करतो, त्यामुळे 21 किलोमीटरचा सराव नाही, पण पुलापासून पुढे तुमच्या सोबतीला येतो. तुमच्या लेकीला सांगा की सुरुवातीला जोरात धावायचे नाही आणि डांबरापेक्षा कडेच्या मातीवर पाय टाकायचा.

संत्र्याची बाग :

समाधीच्या अलीकडे, जिथून तिचा किलोमीटर सुरू होईल, तिथे मी आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली घेऊन उभी राहीन. माझी मुलेही सोबत असतील. तिला आधी सांगू नका.