गिझर लावला की सोलर इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये वीज ‘निर्यात’ दिसते. सीटी (तारेभोवती बसून करंट मोजणारं कडं) उलटा बसलाय का?

छपरावरचा:
थ्री फेज कनेक्शन, ५ किलोवॅटचा थ्री फेज हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर, १० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, आयात-निर्यात दोन्ही मोजणारा नेट मीटर. घरात गॅस नाही. इंडक्शन, दोन गिझर, दोन एसी. गेल्या बिलात आयात १४१ युनिट, ॲप त्याच तारखांना ९६ सांगतं. रात्री बॅटरी बंद ठेवून २००० वॅटचा गिझर लावला तर बी फेजवर (आर, वाय, बी हे तीन फेज) उणे १००० वॅट दिसतात. गिझर तर वायवर आहे. बीचा सीटी फिरवून लावू का?

तारजोड:
फिरवू नका. फिरवलात की अधिक १००० दिसेल, चिन्ह बरोबर वाटेल आणि चूक कायमची लपेल.

सीटी नुसता उलटा असता तर पूर्ण उणे २००० दिसले असते. नेमकं अर्धं आणि तेही उणे, म्हणजे सीटी एका फेजच्या तारेवर आणि व्होल्टेज दुसऱ्या फेजचं. दोन फेजमध्ये १२० अंशांचा फरक असतो, वॅट काढताना या कोनाच्या कोसाइनने गुणलं जातं आणि कोसाइन १२० म्हणजे उणे ०.५. तुमच्याकडे वाय आणि बीचे सीटी अदलाबदल झालेत. मेन स्विच पाडा, दोन्ही सीटी आपापल्या तारेवर न्या, बाणाची दिशा इन्व्हर्टरच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. सीटीत फक्त फेजची तार जाऊ द्या. न्यूट्रलही सोबत गेली तर शून्य दिसेल. ५ अँपिअर सेकंडरीचा (बाहेर येणाऱ्या दोन तारांत ५ अँपिअर देणारा) सीटी असेल तर चालू तारेवर त्याची सेकंडरी कधीही उघडी ठेवू नका, टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं.

तपासणी गिझरवरच करा, एसीवर नको. एसीचा पॉवर फॅक्टर (करंट व्होल्टेजच्या तालात किती चालतो ते) १ नसतो, त्यामुळे हे ‘अर्धं’ तिथे नीट जमत नाही.

मीटरवाचक:
वरच्याला पुस्ती. ॲपवर भरवसा ठेवण्याआधी मीटरच्या लाल दिव्याशी ताळा घ्या. मीटरवर दर युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं. समजा १६०० आहे, तर २ किलोवॅटला मिनिटात ५३ च्या आसपास लुकलुक होते. गिझर बंद असताना एक मिनिट मोजा, लावून एक मिनिट मोजा, वजाबाकी करा. रात्रीच करा, कारण निर्यातीलाही तोच दिवा लुकलुकतो.

छपरावरचा:
सीटी बदलले. गिझरला आता वायवर १९६० दिसतात, पल्सही जुळले. पण ॲप कालचा घरखर्च १४.५ युनिट म्हणतं आणि घराच्या डीबीआधी (वीज वाटणाऱ्या पेटीआधी) लावलेला सब-मीटर १२.८. कालचे आकडे: सोलर १८.२, आयात ३.१, बॅटरीतून ६.२, निर्यात ६.४, बॅटरीत ६.६.

मीटरवाचक:
यात सीटीचा दोष नाही. १८.२ + ३.१ + ६.२ = २७.५, त्यातून ६.४ आणि ६.६ वजा केले की उरतात १४.५. बरीच ॲपं घरखर्च मोजत नाहीत, अशी वजाबाकी करतात. त्यात इन्व्हर्टरचा स्वतःचा खुराकही घराच्या नावावर पडतो. ४० वॅट धरले तरी २४ तासांत ०.९६ युनिट. सोलर आणि बॅटरीचे आकडे डीसी बाजूचे (इन्व्हर्टरने घरच्या एसी विजेत बदलण्याआधीचे) असतील तर १८.२ + ६.२ − ६.६ = १७.८ युनिटची एसी वीज होताना ४ टक्क्यांनी ०.७ जातात. झाले की १.७!

बॅटरीचा ताळा एका दिवसावर घेऊ नका. दोन्ही मध्यरात्री चार्ज सारखा नसेल तर १० युनिटच्या बॅटरीत ५ टक्के म्हणजे अर्धा युनिट तिथेच गडप. आणि बिलाशी तुलना रीडिंगच्या तारखेपासून करा, १ तारखेपासून नव्हे.

छपरावरचा:
आता सर्किटवार बघायचंय. फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स. पीझेम-००४टी (सीटी लावून वीज मोजणारं छोटं मॉड्यूल) चालेल?

तारजोड:
चालेल. पण त्याचा १०० अँपिअरचा सीटी ०.०२ अँपिअरखाली काही दाखवत नाही, म्हणजे ५ वॅटचा बॉक्स काठावरच. वायरचे ५ वेढे सीटीतून घ्या आणि करंट, वॅट, युनिट सगळ्याला ५ ने भागा. फ्रिजला एक वेढा पुरे. एकाच सिरियल लाइनवर अनेक जोडणार असाल तर आधी एकेक सुटा जोडून पत्ता (मॉड्यूलचा ओळख क्रमांक) बदला. कारखान्यातून सगळे १ च घेऊन येतात आणि एकत्र बोलले की एकाचंही ऐकू येत नाही.