कामट्या की प्लास्टर?

पाय मोडलेल्या वासराला कामट्या बांधाव्यात की प्लास्टर, असं विचारलंय म्हणून लिहितो. आमची महिन्याभराची कालवड गव्हाणीच्या फटीत अडकली आणि पुढच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं हाड, मोडली. डॉक्टर येईपर्यंत कापूस गुंडाळून बांबूच्या कामट्या बांधल्या, मग प्लास्टर. कामट्या तेवढ्यापुरत्याच. घट्ट बसल्या की खूर गार पडतो, सारखा चाचपून बघायचा. १९६२ या नंबरवर फोन केला की सरकारी फिरतं पथक येतं. वासराचं हाड लवकर धरतं. पाचव्या आठवड्यात आमचं प्लास्टर निघालं.

खरा ताप पडून राहण्याचा. एकाच कुशीवर ठेवलं की कातडी सोलते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, खाली पेंढा, वर गोणपाट. एकदा आमच्याकडून हयगय झाली अन् गुडघ्याच्या जखमेत आळ्या पडल्या, वासावरूनच कळलं. टर्पेंटाइनचा बोळा धरल्यावर वर आल्या, त्या चिमट्याने वेचल्या.

दूध तोडू नका, पण आडवं पाडून पाजूही नका, ठसका लागून फुप्फुसात जातं.

आई पोटाखाली पोत्याची झोळी घालून तिला रोज दोनदा उभी करायची. एके सकाळी कालवड झोळीतून सुटून तीन पायांवर थेट गायीकडे. आई माझ्यावरच ओरडली, "बघतोस काय, धर की तिला!"