मदत हवी आहे: हरळी आणि लव्हाळा हाताने काढतेय, नवं लॉन घालण्याआधी किती खोल जायचं?

नमस्कार मंडळी,

नाशिकला घरापुढे साधारण वीस बाय वीस फुटांचं अंगण आहे. तिथलं जुनं गवत काढून जूनमध्ये, पहिले पाऊस झाले की, लॉनचं कार्पेट, म्हणजे मातीसकट मिळणाऱ्या गवताच्या तयार चटया, घालायचंय. तणनाशक मारायचं नाही. कडेला कढीपत्ता आणि दोन गुलाब आहेत, आणि आई रोज सकाळी तिथेच अनवाणी चालते. म्हणून खुरपं घेऊन मीच बसलेय.

तीन वर्षांपूर्वी लॉन लावून देणाऱ्याने जुनं गवत वरवर छाटलं, चार इंच लाल माती ओतली आणि "खालचं आपोआप कुजतं" म्हणत कार्पेट अंथरलं. दोन महिन्यांत लव्हाळ्याची टोकं सुयांसारखी कार्पेटमधून वर आली, मागोमाग हरळी. दुसऱ्या पावसाळ्यात कार्पेटचं मेक्सिकन गवत शोधावं लागत होतं. पैसे गेलेच, पण आईने उन्हाळाभर त्याला पाणी घातलं होतं, ते जास्त लागलं.

आता दहा दिवसांत निम्मं अंगण झालंय. हरळीचं पांढरं कांडं ओढलं की मधेच टचकन तुटतं आणि उरलेलं पेर मातीतच राहतं. लव्हाळ्याचं पान हातात येतं, गाठ खालीच. काल एका गाठीचा माग काढत गेले तर दोऱ्यासारख्या मुळाला पुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. हरभऱ्याएवढ्या, काळपट, नखाने सोलल्या की आत पांढऱ्या, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्याचा! नागरमोथा तो हाच.

किती खोल गेलं म्हणजे पुरे? उरलेल्या अर्ध्यात पॉवर टिलर फिरवून घेऊ का? कंबर खरंच बोलायला लागलीय. आणि गणपतीच्या दूर्वांसाठी आईला एक कोपरा हवाय. हरळी तिथेच राहील असं काही करता येतं का?

प्रतिसाद:

टिलर अजिबात नको. हरळीचे शंभर तुकडे होतील आणि प्रत्येक पेराला फुटवा येईल. आमच्या सांगलीच्या घरी हीच चूक झाली होती.

आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकट नाही अशी झाली, की खणा. कुदळीऐवजी चार दातांचं दाताळं घ्या, माती सैल होते आणि कांडं अख्खं निघतं. बहुतेक गाठी आणि कांड्या वरच्या सहा इंचांत असतात. तेवढी माती गवंड्याच्या वाळू चाळायच्या चाळणीतून काढून तिथेच परत टाका, म्हणजे अंगण खोलगट होणार नाही. काढलेलं खताच्या खड्ड्यात टाकू नका, आधी गच्चीवर कडकडीत वाळवा.

मग सगळ्यात महत्त्वाचं: लगेच कार्पेट घालू नका. मोकळ्या मातीला पाणी देत राहा. खाली राहिलेलं सगळं वर येईल. लव्हाळा चार-पाच पानांवर असतानाच गाठीसकट काढा, उशीर केलात तर नव्या गाठी धरतो. दर दहा-बारा दिवसांनी एक, अशा तीन फेऱ्या तरी करा. एप्रिल-मेच्या उन्हात ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीने बुजवल्या तर महिन्याभरात हरळी बरीच दमते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र त्यातूनही तगतात, त्यांना हातच लागतो.

दूर्वा जमिनीत ठेवूच नका, पसरट कुंडीत लावा. कुंडी फरशीवर ठेवा आणि बाहेर लोंबणारे धुमारे कापत राहा, नाहीतर टेकतील तिथे मूळ धरतील.

धागाकर्ती:

मनापासून आभार. टिलरवाल्याला आत्ताच नको म्हणून कळवलं. चाळणी शेजारच्या बांधकामावर मागते. आईला कुंडीचं सांगितलं, तर तिने तुळशीजवळची लुसलुशीत हरळी मुळासकट काढून ओल्या फडक्यात गुंडाळूनही ठेवली. पहिल्या फेरीनंतर किती गाठी निघाल्या ते इथेच कळवते.