मदत हवी आहे: लांब चालताना करंगळीला फोड

शहराबाहेर शेतांच्या बांधांवरून दिवसभर एकटंच चालायला मला मनापासून आवडतं. १५ किलोमीटरपर्यंत काही त्रास नसतो. मग पाय सुजतात, करंगळी शेजारच्या बोटाखाली दबते आणि तिच्या कडेला पाण्याचा फोड येतो. टाचा ठीक आहेत. बूट रुळलेले, एक नंबर मोठेच. सुती मोजे घाम धरून ठेवतात म्हणून लोकरीचे घेतले, व्हॅसलीन लावलं. चिकटपट्टी गुंडाळली तर ती घामाने सरकून, गोळा होऊन उलट जास्तच घासते. मधुमेह नाही. सोबत कुणी नसतं आणि वाटेत गाडी मिळत नाही, त्यामुळे परत चालतच यावं लागतं. प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेले मोजे आतून घालून एवढं अंतर कुणी चाललंय का? आणि अर्ध्या वाटेत फोड आलाच, तर तो न फोडता वरून नेमकं काय लावायचं?