मदत हवी आहे: पेल एल १.०२६ वर अडकलीय, बाटल्या भरू का नको?

नमस्कार मंडळी,

घरी बिअर करणारं कोणी असेल तर प्लीज जरा वाचा. मोठं लिहितोय, पण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगणार, म्हणून सगळंच लिहून टाकतो.

मी शिकागोजवळ नेपरव्हिलला असतो. ही माझी तिसरी बॅच, पाच गॅलन म्हणजे साधारण १९ लिटर, अमेरिकन पेल एल (फिकट रंगाची बिअर). लाइट माल्ट एक्स्ट्रॅक्टचे (मोड आणलेल्या धान्याचा घट्ट अर्क) ३.३ पाउंडाचे दोन डबे, एक पाउंड क्रिस्टल माल्ट अर्धा तास गरम पाण्यात भिजवून त्याचं पाणी, ६० मिनिटांच्या उकळीला सेंटेनियल हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) २८ ग्रॅम आणि शेवटच्या पाच मिनिटांत कॅस्केड २८ ग्रॅम. यीस्ट सॅफएल यूएस-०५, एक पाकीट, कोरडंच वरून भुरभुरवलं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी ती उतरते) १.०५२ आली, डब्यांच्या हिशोबाने पण तेवढीच यायला हवी होती, म्हणजे तिथपर्यंत सगळं नीट.

पहिले चार दिवस एअरलॉक (झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) मस्त बुडबुडत होता, वर जाड तपकिरी फेस. मग हळूहळू थांबला. नवव्या दिवशी मोजलं तर १.०२७, बाराव्या दिवशी १.०२६, आज सोळावा दिवस आणि अजून १.०२६च. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) तळघरात आहे, तिथे फेब्रुवारीत ६० फॅरनहाइट म्हणजे १५-१६ सेल्सिअसच्या वर जातच नाही.

आता घाई का करत नाहीये ते सांगतो. मागच्या बॅचला दहाव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून झालं असं समजून मी बाटल्या भरल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता जिन्याखालच्या कपाटातून धाडकन आवाज आला. तीन बाटल्या फुटल्या होत्या, काचेचा एक तुकडा दाराच्या लाकडात रुतून बसला होता. त्याच कपाटात आम्ही मुलीची सायकल ठेवतो. त्या दिवसापासून मला या गोष्टीची खरंच धास्ती बसलीय आणि बायकोला मी शब्द दिलाय की खात्री झाल्याशिवाय घरात एकही बाटली भरणार नाही. पण करायची सोडायचीही नाहीये, फार आवडतं हे काम मला, वर्ट (न आंबलेलं माल्टचं पाणी) उकळताना घरभर भाजक्या धान्याचा जो वास सुटतो ना त्यासाठी अख्खा रविवार गेला तरी चालतो.

तर प्रश्न असे: यीस्ट मेलंय का? दुसरं पाकीट टाकू का? आणि १.०२६ हीच शेवटची ग्रॅव्हिटी असू शकते का?

— तळघर_६०

सचिन_ह्यूस्टन:
मित्रा माझी पण एकदा अडकली होती, मी अर्धा किलो साखर उकळून थंड करून ओतली आणि फर्मेंटर चांगला गदागदा हलवला, दुसऱ्या दिवशी बुडबुडे चालू.

अनुराधा_लीड्स:
सचिन, रागावू नका पण हे दोन्ही कृपा करून कोणी करू नका. साखर घातली की बुडबुडे येणारच, पण ते नव्या साखरेचे, अडकलेलं माल्ट तिथंच राहतं, वर बिअर पातळ होते ते वेगळंच. आणि आंबून झालेली बिअर गदागदा हलवली की तिच्यात हवा मिसळते, महिन्याभराने ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

तळघर, तुम्ही छान सविस्तर लिहिलंय पण एक गोष्ट राहिली. ग्रॅव्हिटी मोजताय कशाने? हायड्रोमीटर (नमुन्यात तरंगणारी काचेची नळी) की रिफ्रॅक्टोमीटर?

तळघर_६०:
ताई, रिफ्रॅक्टोमीटर. हायड्रोमीटर मागच्या बॅचच्या वेळी सिंकमध्ये पडून फुटला, म्हणून हा घेतला. दोनच थेंब लागतात, बिअर वाया जात नाही. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं, निळा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तो आकडा. सुरुवातीला १३ ब्रिक्स (साखरेचं प्रमाण) होतं, आता ६.६ दाखवतोय, त्याच्या शेजारच्या पट्टीवर १.०२६.

अनुराधा_लीड्स:
मला हीच शंका होती. तुमची बिअर बहुतेक अडकलेलीच नाहीये!

रिफ्रॅक्टोमीटर वजन मोजत नाही, उजेड किती वाकतो ते मोजतो. नुसतं वर्ट असतं तेव्हा उजेड वाकवणारी मुख्य गोष्ट साखर, म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा बरोबर येतो. पण आंबायला लागलं की अल्कोहोल तयार होतं आणि अल्कोहोलसुद्धा उजेड पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. त्या बिचाऱ्या उपकरणाला दोघांतला फरक कळत नाही, ते सगळी साखरच समजतं. त्यामुळे आंबलेल्या बिअरचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा बराच वर दिसतो. त्याच्या शेजारची १.०२६ ची पट्टी न आंबलेल्या वर्टसाठी आहे, आज तिच्याकडे बघायचंच नाही.

सुरुवातीचं ब्रिक्स आणि आत्ताचं ब्रिक्स दोन्ही घालून खरा आकडा काढायचं सूत्र असतं, ऑनलाइन कॅल्क्युलेटर ढिगाने आहेत. मी तुमचे १३ आणि ६.६ घालून बघितले, साधारण १.०१२ ते १.०१३ येतंय. यूएस-०५ आणि एक्स्ट्रॅक्टच्या पेल एलला शेवट तिथेच कुठेतरी अपेक्षित असतो.

पण मागे बाटल्या फुटल्यात ना, मग सूत्राच्या भरवशावर बाटल्या भरू नका. नवा हायड्रोमीटर आणा. आधी साध्या पाण्यात सोडून बघा, १.००० दाखवायला हवा, किती तापमानाला ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. मग बिअरचा नमुना एका भांड्यातून दुसऱ्यात चार-पाचदा ओतून त्यातला गॅस घालवा, नाहीतर बुडबुडे चिकटून हायड्रोमीटर वर उचलला जातो. नळीत सोडल्यावर बोटाने हलकेच गरकन फिरवा, स्थिर झाला की डोळे पाण्याच्या पातळीला आणून वाचा. मोजलेला नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नका, चव घेऊन बघा.

वैदेही_टोरांटो:
मी बिअर करत नाही पण आंबवणं म्हणाल तर इडलीचं पीठ इथल्या थंडीत कसं रुसतं ते मला चांगलं माहितीये. ओव्हन बंद आणि नुसता आतला दिवा लावून ठेवलं तरच फुगतं. १५-१६ डिग्री यीस्टला जरा थंड नाही का होत?

अनुराधा_लीड्स:
वैदेही अगदी बरोबर बोललात. १५-१६ ला यूएस-०५ मरत नाही पण रेंगाळतं. सुरुवातीला थोडं थंड चालतं, शेवटी मात्र ऊब द्यायलाच हवी, कारण आंबताना बटरसारखा वास येणारं डायअसिटिल तयार होतं आणि ते परत खाऊन टाकायचं कामही यीस्टच करतं. तळघर, फर्मेंटर उचलून वर घरात आणा, १९-२० सेल्सिअसला चार-पाच दिवस ठेवा. आणताना जो हिंदकळेल तेवढा पुरे, तळाचं यीस्ट थोडं वर येतं. झाकण उघडू नका. वर जागा नसेल तर पाण्याच्या टबात ठेवून टबात माशांच्या टाकीचा हीटर सोडतात, तेही उत्तम चालतं.

बटरची शंका असेल तर दोन लहान बरण्यांत नमुना घ्या, एक घट्ट झाकून गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्हींचा वास घ्या. गरम केलेलीला पॉपकॉर्नसारखा वास आला तर अजून थांबा.

पुणेरी_हॉप्स:
छान धागा. हे पुण्यात घरी करता येईल का? माल्ट, यीस्ट ऑनलाइन मिळतं.

अनुराधा_लीड्स:
सामान मिळतं म्हणून परवानगी आहे असं नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, लायसनशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि त्यात बिअरही आली. इथे यूकेत १९६३ पासून स्वतःपुरती करायला लायसन लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मोकळीक मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. पुण्यात असाल तर मायक्रोब्रुअरीत जाऊन ताजी पिणं हाच मार्ग.

तळघर_६०:
ताई, काय सांगू तुम्हाला! फर्मेंटर सोमवारी वर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आणला, घोंगडी गुंडाळली. नवा हायड्रोमीटर पाण्यात बरोबर १.००० दाखवतो. त्याच दिवशी बिअर मोजली, १.०१३. मी तीनदा मोजलं, विश्वासच बसेना. गुरुवारी १.०१२, आज रविवारी परत १.०१२. म्हणजे साधारण सव्वापाच टक्के अल्कोहोल. बरण्यांचा प्रयोग पण केला, दोन्हींना सारखाच वास, कॅस्केडचा संत्र्याच्या सालीसारखा. नमुना प्यायलो तर इतका स्वच्छ लागला की बायकोलाही लगेच दिला.

मी मेलेलं समजून दुसरं पाकीट टाकणार होतो ते यीस्ट तर कधीच काम संपवून तळाशी बसलं होतं. आता बाटल्यांचं सांगा. किटबरोबर आलेलं साखरेचं पाकीट ५ औंसांचं आहे, मागच्या वेळी तसंच ते अख्खं घातलं होतं.

अनुराधा_लीड्स:
वा! तीन दिवसांनी तोच आकडा म्हणजे झाली. अख्खं पाकीट घालू नका, ते पूर्ण १९ लिटर धरून असतं आणि जरा सढळ हाताने दिलेलं असतं. गाळ सोडून तुम्हाला १८ लिटर मिळेल. लिटरला ६ ग्रॅम साधी साखर धरा, १०८ ग्रॅम, काट्यावर मोजून. थोड्या पाण्यात उकळा, गार करा, स्वच्छ बादलीत आधी ते पाणी आणि मग त्यावर नळीने बिअर हळूच सोडा म्हणजे आपोआप मिसळते, ढवळायला लागत नाही. बाटलीबाटलीत चमच्याने साखर घालत बसलात तर एक सपक आणि एक फसफसणारी निघते.

मागच्या वेळी काय झालं असेल तेही सांगते. ग्रॅव्हिटीचे दोन पॉइंट (म्हणजे ०.००२) बाटलीत आंबले की साधारण एक व्हॉल्यूम गॅस होतो, म्हणजे बिअरच्या मापाएवढा. पेल एलमध्ये सगळा मिळून जेमतेम अडीच व्हॉल्यूम हवा असतो. दहाव्या दिवशी चार पॉइंट शिल्लक असतील तर तेवढ्यानेच दोन व्हॉल्यूम जादा, त्यावर किटची साखर. काच तरी किती सोसणार.

बाटल्या ओपनरने उघडायच्या, जाड काचेच्याच घ्या, पिळून उघडणाऱ्या नकोत. भरल्यावर झाकणाच्या प्लॅस्टिक खोक्यात ठेवा, २० डिग्रीला दोन आठवडे.

तळघर_६०:
साखर १०८ ग्रॅम मोजून ठेवली. खोकी दोन आणलीत, ती गॅरेजला लागून असलेल्या खोलीत ठेवतोय, तिथे हीटिंग आहे आणि मुलगी जात नाही. सायकलचं कपाट आता फक्त सायकलचं. उद्या सकाळी भरतो.

अनुराधा_लीड्स:
अजून एक. सोड्याची अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली सॅनिटायझरने स्वच्छ करून तीही याच बिअरने भरा, वरची हवा दाबून काढा आणि झाकण घट्ट लावा. रोज दाबून बघत जा. आधी पोट आत गेलेलं असेल, मग भरत येईल, आठवड्याभराने टणक लागेल. आत काय चाललंय ते काचेची एकही बाटली न उघडता कळेल. दगडासारखी झाली तर सगळ्या बाटल्या लगेच फ्रिजमध्ये टाका आणि इथे लिहा, मी रोज संध्याकाळी बघते.