उत्तर: चष्म्यांचा खोका ठाण्याला पोचला

प्रेषक: सचिव
मंडळी, गणपतीत जमलेले 112 जुने चष्मे मावशींकडे पोचले. बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत पाठवायचे आहेत. मावशी, एकदा नजर घालाल का?

प्रेषक: मावशी, नौपाडा
घातली. राग मानू नका. ओळखीच्या चष्मेवाल्याकडे दोन दुपारी बसून एकेक चष्मा मशिनखाली धरला. काचा खरवडलेल्या, काड्या निखळलेल्या, उरलेले बहुतेक सिलिंडरवाले, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वेगळा नंबर असलेले. सिलिंडर नंबराला अक्षही (काचेचा कोन) जुळावा लागतो, नाहीतर दुसऱ्याला नुसती डोकेदुखी. धड निघाले नऊ.

2017च्या ऑगस्टपासून सात लाखांवर माणसं म्यानमारमधून तिकडे आली. पळताना चष्मा राहतोच, पण म्हाताऱ्यांना लागते ती चाळिशी, आणि ती नवी, तयार, स्वस्तात मिळते.

तातडीचं म्हणाल तर चष्मा नव्हेच. मी आयुष्यभर डोळ्यांच्या वॉर्डात सिस्टर होते. छर्रा लागून डोळा फुटला की घरचे आधी कापूस दाबून बांधतात (मायेनंच!) आणि आतलं बाहेर येतं. दाबायचं नाही, धुवायचं नाही, मलम तर नाहीच. कटिंगच्या कागदी कपाचा तळ कापून भोवतीच्या हाडांवर टेकेल असा चिकटवायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायचं आणि होता होईल तो चोवीस तासांत टाके पडतील तिथं पोचवायचं. चुना उडाला तर उलट: हाताला लागेल ते स्वच्छ पाणी, ताबडतोब, अर्धा तास. वरची पापणी उलटून कणही काढायचे, ते विसरतात सगळे.

गोवर झालेल्या पोराला अ जीवनसत्त्व: वर्षावरच्याला 2 लाख युनिट, दोन दिवस लागोपाठ. छावणीच्या गर्दीत गोवर लवकर पसरतो आणि उपाशी पोराचं बुबुळ बघता बघता विरघळतं. मग फूल पडतं, ते जन्माचं.

प्रेषक: खजिनदार
मावशी, मग वर्गणी कशावर घालू?

प्रेषक: मावशी, नौपाडा
तिथं काम करणाऱ्या संस्थेला आधी विचारा. माझं मत: डोळ्यावरच्या प्लास्टिकच्या ढाली, सलाईन, फ्लुरोसीनच्या पट्ट्या. पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली की निळ्या उजेडात ओरखडा हिरवा दिसतो, मोठं यंत्र लागत नाही. स्टेरॉइडचे थेंब मात्र देणगीत नकोत. बुरशीच्या जखमेत कुणी घातले तर डोळा जातो.

आणि खोक्यात सोनेरी कडांचा एक चष्मा आहे, डबीत ‘आप्पा’ अशी चिठ्ठी. चुकून आला असावा. कुणाचा ते कळवा, तोवर माझ्या कपाटात आहे.