केबिन क्रू आणि कॅन्सर: पोस्ट पुढे पाठवण्याआधी अभ्यास तरी वाचा

मारवा
'हार्वर्डने सिद्ध केलं, विमानातल्या नोकरीने कॅन्सर होतो, मुलींना पाठवू नका' ही पोस्ट कालपासून तिसऱ्यांदा आली, म्हणून लिहिते. २०१८चा हा अभ्यास अमेरिकेतल्या ५,३६६ केबिन क्रूंच्या प्रश्नावलीवर आहे. आजार त्यांनी स्वतः सांगितलेले. स्त्रियांत स्तनाचा कॅन्सर ३.४ टक्के, इतरांत २.३. फरक खरा आहे. पण कारण वैश्विक किरण (अवकाशातून येणारे, उंचावर जास्त लागणारे), रात्रीची जागरणं की मुलं उशिरा होणं, हे त्यातून कळत नाही. २०१२च्या नॉर्डिक (उत्तर युरोपातल्या) अभ्यासात क्रूची नावं थेट कर्करोग नोंदणीत शोधली. तिथेही प्रमाण दीडपट निघालं, पण जास्त किरण झेलणाऱ्यांना जास्त धोका, असं दिसलं नाही.

जुनी_क्रू
आमच्या बॅचच्या दोघी यानेच गेल्या. चाळिशी नुकती उलटलेली, घरात कुणालाच नव्हता. 'कळत नाही' हे त्यांच्या मुलांना सांगाल? युरोपात २००० पासून क्रूला मिळणारा किरणांचा डोस मोजणं कायद्याने बंधनकारक आहे. मला नोकरीभर माझा आकडा कुणी सांगितला नाही.

त्रिज्या
ताई, दुःख समजतं, पण डोसचा बाऊ नको. क्रूला वर्षाला साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). जमिनीवर जगाची सरासरीच २.४! केरळात करुनागपल्लीला मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे कित्येकांना याहून जास्त मिळतो, तिथे कॅन्सर वाढलेला आढळला नाही.

मारवा
वाळूतून येतात मुख्यतः गॅमा किरण. उंचावरच्या डोसमध्ये न्यूट्रॉनचा मोठा वाटा असतो. किरणांचा प्रकारच वेगळा, म्हणून ही तुलना चालत नाही. आणि मुंबई-दुबई व दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को एका मापात कसं धरता? ध्रुवाकडे पृथ्वीच्या चुंबकत्वाचं कवच कमी पडतं.

पहाटेचं_लँडिंग
किरणांवरच किती भांडाल? झोपेचं बोला. रात्रपाळीला कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) २००७ मध्येच धरलंय. माझा नवरा वैमानिक आहे, सलग रात्री करून आला की जेवता जेवता डोळे मिटतात. आठवड्याला ४८ तास विश्रांतीचा डीजीसीएचा (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) नियम २०२४ चा, अंमल २०२५ उजाडल्यावर.

जुनी_क्रू
आणि तो नियम वैमानिकांसाठी! केबिन क्रूचे वेगळे. झोप काय फक्त कॉकपिटवाल्यांना लागते?

पहाटेचं_लँडिंग
असं मी कुठे म्हटलं? तोंडात शब्द घालू नका.

त्रिज्या
विश्रांती वाढवली की माणसं जास्त लागतात, तिकीट महागतं. तेव्हा हीच मंडळी ओरडतील.

जुनी_क्रू
तुमच्या तिकिटासाठी आम्ही आजारी पडायचं? उत्तर द्या.

त्रिज्या
नाही. तेवढं मान्य. डोसबद्दल माझं मत तेच आहे.

मारवा
मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आहे. विमान कंपन्यांकडे रोस्टर (ड्यूटीचे तक्ते) आहेत, म्हणजे कोण कुठल्या मार्गावर किती रात्री उडालं तेही आहे. दोन्ही जोडा. नॉर्डिक देशांचे आकडे किती वर्षं उसने घ्यायचे?

जुनी_क्रू
हे आधी लिहायचं होतंत. पण मेडिकल करून निरोगीच मुली घेतात आणि आजारी पडली की ती नोकरी सोडते. मोजायचं तर सोडून गेलेल्यांपासून सुरुवात करा.

मारवा
बरोबर. जुन्या रोस्टरमधली नावं धरूनच सुरुवात व्हायला हवी.